हरिपुऱ्याचे भाषण मुलांना वाचू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष,
नगर प्राथमिक शिक्षण समिती,
सुरत महानगरपालिका

महोदय,


आपल्या समितीच्या शाळा सात भाषांतून चालतात आणि त्यांतली एक मराठी आहे, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितो आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, गोडादरा या भागांतली मुले आपल्या मराठी शाळांत शिकतात. त्यांच्या आईवडिलांनी किंवा आजोबांनी जळगाव, धुळे, नंदुरबार सोडून सुरत जवळ केली, ती संच्यांवर आणि मिलांत काम मिळते म्हणून. मीही तशाच घरातला. माझी मागणी एवढीच आहे: सातवी-आठवीच्या मुलांना वर्षातून एकदा हरिपुऱ्याला न्यावे. सुभाषचंद्र बोस यांनी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे जे भाषण केले, त्यातला परराष्ट्र धोरणाचा भाग त्यांच्याकडून वर्गात वाचून घ्यावा. आणि त्या धोरणाचे पुढे काय झाले, हेही त्यांना सांगावे. गोड तेवढेच सांगून थांबू नये.

हरिपुरा आपल्याच जिल्ह्यात, बारडोली तालुक्यात, कडोदजवळ, तापीच्या काठी आहे. आमच्या मुलांना बारडोली चांगलीच ठाऊक असते, कारण सुट्टीत गावी जाणारी गाडी उधन्याहून सुटली की चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर अशी नंदुरबारकडे जाते. बारडोलीला शेंगदाणेवाला डब्यात चढतो, बाटल्या भरून घेतल्या जातात, आणि गाडी पुढे निघते. १९२८ चा सत्याग्रह मुलांनी पुस्तकात वाचलेला असतो. पण इथून थोड्याच अंतरावर एका एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने, देश पारतंत्र्यात असताना, स्वतंत्र भारताने जगाशी कसे वागावे याचा आराखडा मांडला होता, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

रथ मात्र सगळ्यांना माहीत आहे. काँग्रेसचे ते एक्कावन्नावे अधिवेशन, म्हणून एक्कावन्न बैल जुंपलेल्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. काँग्रेसच्या अध्यक्षाला त्या काळी लोक राष्ट्रपती म्हणत आणि मानही तसाच देत. २३ जानेवारी हा पराक्रम दिन म्हणून साजरा होऊ लागल्यापासून हरिपुऱ्याचे नाव पुन्हा ऐकू येते, याचा मला आनंद आहे. त्याआधी २००९ मध्ये याच तारखेला राज्याच्या ई-ग्राम योजनेची सुरुवात हरिपुऱ्यातून झाली होती. तरीही भाषणे ऐकताना जाणवते की आपण रथापाशी, बैलांपाशी, घोषणांपाशी थांबतो. रथातून उतरून तो माणूस काय बोलला, तिकडे वळतच नाही.

त्या माणसाचे आयुष्य मुलांना सांगताना मी कटकपासून सुरुवात करतो. १८९७ चा जन्म. इंग्लंडात आयसीएसच्या परीक्षेत चौथा क्रमांक, आणि १९२१ मध्ये त्या नोकरीचा राजीनामा. इथवर मुले शांतपणे ऐकतात. मंडाले आले की मराठी मुलांचे कान टवकारतात, कारण मंडाले म्हणजे त्यांना लोकमान्य. १९०७ च्या डिसेंबरात याच सुरत शहरात काँग्रेस फुटली. जहाल आणि मवाळ एकमेकांवर धावून गेले, जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगात पाठवण्यात आले. सुमारे सतरा वर्षांनी सुभाषबाबू त्याच तुरुंगात पोचले. टिळक जिथे राहिले ती जागा त्यांनी पाहिली, आणि तिथल्या उन्हाळ्याबद्दल, एकटेपणाबद्दल, अशा ठिकाणी बसून गीतारहस्य लिहिणाऱ्या माणसाबद्दल न. चिं. केळकरांना पत्र लिहिले. सुरतेहून मंडाले आणि मंडालेहून पुन्हा सुरत जिल्हा, असा हा फेरा आहे. आमच्या मुलांना तो समजावून सांगायला फार खटपट करावी लागत नाही.

परदेशांशी सुभाषबाबूंचा संबंध युरोपात घट्ट झाला. १९३३ मध्ये आजारी अवस्थेत ते उपचारासाठी व्हिएन्नाला गेले. तिथे विठ्ठलभाई पटेल होते. सरदारांचे थोरले बंधू, केंद्रीय विधिमंडळाचे निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष, आणि तेही आजारी. आपली लढाई जगाला नीट कळलीच नाही, याबद्दल दोघांचे एकमत होते. विठ्ठलभाईंची शुश्रूषा सुभाषबाबूंनी केली. ऑक्टोबर १९३३ मध्ये विठ्ठलभाई जिनिव्हाजवळ वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मिळकतीचा मोठा भाग सुभाषबाबूंच्या हाती दिला होता, भारताच्या राजकीय उन्नतीसाठी आणि शक्यतो परदेशांत भारताची बाजू मांडण्यासाठी. त्यावरून सरदार पटेल आणि सुभाषबाबू यांच्यात वाद झाला, प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि १९३९ मध्ये निकाल सुभाषबाबूंच्या विरुद्ध लागला.

हे एवढे लांबवून सांगितले त्याला कारण आहे. हरिपुऱ्यात तापीकाठी जे नगर उभे राहिले त्याचे नाव विठ्ठलनगर. ते उभारले सरदारांनी. अध्यक्ष होते सुभाषबाबू. ज्या पैशावरून दोघांचे बिनसले होते तो परराष्ट्र प्रचाराचा पैसा, आणि अध्यक्षांच्या भाषणातला एक मोठा विषय परराष्ट्र संबंध. मोठ्या माणसांत मतभेद असतात, कोर्टापर्यंत जातात, आणि तरी ती एकाच व्यासपीठावर बसून देशाचे काम करतात, हे मुलांनी बाराव्या-तेराव्या वर्षी पाहायला हवे. आपल्याकडे हल्ली एकाची आरती करायची तर दुसऱ्याला शिव्या द्याव्या लागतात असे वातावरण आहे. हरिपुऱ्यात ते चालत नाही. तिथे दोघेही हवेत.

आता भाषण. नियोजन, लोकसंख्या, संस्थानांतली प्रजा, भाषा, असे पुष्कळ विषय त्यात आहेत. ते मी इथे बाजूला ठेवतो. परराष्ट्र धोरणाविषयी त्यांचे पहिले म्हणणे असे की दुसऱ्या देशाची अंतर्गत राजवट कशी आहे, तिथे कोणत्या विचाराचे सरकार आहे, यावरून आपण आपले संबंध ठरवू नयेत. भारताच्या स्वातंत्र्याविषयी सहानुभूती असलेली माणसे प्रत्येक देशात सापडतील, मग त्यांची राजकीय मते काहीही असोत. उदाहरण त्यांनी सोव्हिएत रशियाचे दिले. रशिया स्वतः साम्यवादी, पण साम्यवादी नसलेल्या देशांशी करार करायला किंवा त्यांची मदत घ्यायला तो कचरत नाही.

दुसरे म्हणणे संपर्काचे. युरोप, आशिया, आफ्रिका, उत्तर, मध्य आणि दक्षिण अमेरिका, सगळीकडे आपली माणसे असावीत. परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची काँग्रेसने विचारपूस करावी, म्हणजे तेही या कामात हात लावतील. भारतात तयार झालेले चित्रपट बाहेर दाखवावेत. प्रचार या गोष्टीला खोटेपणाचा वास येतो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला हवे आहे ते फक्त भारताची आणि त्याच्या संस्कृतीची खरी ओळख करून देणे, असा खुलासा त्यांनी केला. आणि तिसरे, शेजाऱ्यांशी जवळीक. इथे त्यांनी नावे घेतली: इराण, अफगाणिस्तान, नेपाळ, चीन, ब्रह्मदेश, सयाम, मलाया, ईस्ट इंडीज, सिलोन.

ही नावे मी आमच्या गल्लीतल्या मुलांकडून भिंतीवरच्या नकाशात शोधून घेतली. ईस्ट इंडीज म्हणजे इंडोनेशिया हे सांगावे लागले, सयाम सापडेना. एक मुलगी बराच वेळ बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "काका, यात पाकिस्तान कुठंय?" दुसऱ्याने लगेच बांगलादेश विचारला. मी काही सांगण्याआधी तिसराच म्हणाला, "अरे, तेव्हा ते आपल्यातच असेल ना." मग ब्रह्मदेशावर गाडी आली. तोही इंग्रजांच्याच ताब्यात होता, तर वेगळा का धरला? एप्रिल १९३७ मध्ये इंग्रजांनी तो हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा काढला, म्हणजे भाषणाच्या आधी जेमतेम दहा महिने. मुलांना नकाशा हलताना दिसला. सनावळी घोकून हे होत नाही. नऊ नावांच्या एका यादीतून झाले.

अध्यक्षमहोदय, परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय, नगरपालिकेच्या शाळेतल्या पोरांना त्याचे काय, असे म्हणणारे भेटतील. सुरतेत तरी हे म्हणू नये. या शहराची चूल परदेशांवर पेटते. वराछा-कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकारांत आमची मराठी मुलेही आहेत. कच्चा हिरा रशियातून, आफ्रिकेतून येतो आणि पैलू पाडलेला माल अमेरिकेला जातो. २०२४ मध्ये जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, आणि त्यातला अर्धा भाग रशियन तेल घेतल्याबद्दल दंड म्हणून होता. दिवाळीची सुट्टी लांबली की घरात काय होते, ते या मुलांना कोणी शिकवायला नको. पप्पांचे काम का थांबले याचे उत्तर मॉस्को, वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्या मधे कुठेतरी आहे, हे त्यांना समजून घेण्याचा हक्क आहे.

हे १९३८ मध्येही असेच होते. त्या काळात काँग्रेसने लवंगेवर बहिष्कार घातला होता. झांझिबारच्या इंग्रज सरकारने लवंगेच्या खरेदीचा मक्ता एका संघटनेला दिला आणि पिढ्यान् पिढ्या तो व्यापार करणारे हिंदी व्यापारी उघडे पडले. त्यांत गुजराती पुष्कळ. झांझिबारच्या लवंगेचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थानच होता, म्हणून काँग्रेसने सांगितले, लवंग घेऊ नका. लोकांनी ऐकले आणि १९३८ च्या मे महिन्यात तडजोड झाली. ज्या देशाला वकील पाठवण्याचा अधिकार नव्हता, त्याने मसाल्याच्या डब्यातून परराष्ट्र धोरण चालवले. आमच्या बायाबापड्यांना ही गोष्ट सांगितली की त्या आधी विश्वास ठेवत नाहीत आणि मग दोनदा सांगायला लावतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येतो. जपानने १९३७ मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुभाषबाबूंनी 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात जपानवर लेख लिहिला. जपानने आशियाची मान उंच केली हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, पण त्यासाठी दुसऱ्या जुन्या, थोर देशाचे लचके तोडायला हवे होते का, असा सवाल केला. आपल्याला राष्ट्र म्हणून मोठे व्हायचे आहे, पण साम्राज्याच्या वाटेने नाही, हा त्या लेखाचा शेवट होता. काँग्रेसने चीनच्या बाजूने ठराव केले, जपानी माल घेऊ नका असे आवाहन केले. सुरतेतल्या विणकरांना त्या काळी कृत्रिम रेशमाचे सूत जपानहून येत असे. म्हणजे तेव्हाही परराष्ट्र धोरण इथल्या मागावर येऊन धडकत होते.

चीनला औषधे आणि डॉक्टर हवे होते. अध्यक्ष म्हणून सुभाषबाबूंनी देशाला पैशासाठी हाक दिली, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टरांचे पथक निघाले. प्रमुख डॉ. अटल. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. नागपूरचे डॉ. चोळकर. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय २७. पाचांत दोन मराठी, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. कोटणीसांनी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकतीच पदवी घेतली होती. वडिलांनी परवानगी दिली. वडील वारल्याची बातमी चीनमध्ये पोचली, तरी ते परतले नाहीत. डोंगराळ मुलखात, लढाईच्या मागे मागे फिरत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, त्यांना मुलगा झाला. बाकीचे चौघे डॉक्टर परत आले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. आजही चिनी नेते भारतात आले की त्यांचे नाव घेतात.

हरिपुऱ्यातल्या धोरणाचे हे सर्वांत सुंदर फळ. पण त्याच धोरणाला दुसरेही फळ आले. १९३९ मध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनानंतर सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले. जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या घरातून पहारा चुकवून ते निसटले आणि काबूलमार्गे बर्लिनला पोचले. मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले. पुढे जर्मन पाणबुडीतून निघून, समुद्रातच जपानी पाणबुडीत बदली करून ते पूर्वेला आले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झाले. नऊ सरकारांनी त्याला मान्यता दिली, आणि त्यांत जपान, जर्मनी, इटली आणि जपानच्या छत्राखालचे देश होते. ज्या जपानविरुद्ध लढणाऱ्यांच्या जखमा बांधायला त्यांनी कोटणीसांना पाठवले, त्याच जपानच्या बाजूला ते आता उभे होते. कोटणीसांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

हे मुलांना सांगायचे की नाही? मी म्हणतो, सांगायचे. सुभाषबाबूंवर माझे प्रेम आहे. माझ्या घरात त्यांची तसबीर आहे आणि ती राहणार आहे. हिटलरने भारतीयांना हिणवले तेव्हा १९३६ मध्ये जर्मनांकडेच लेखी निषेध नोंदवणारा माणूस लाचार होऊन बर्लिनला गेला असे मी कधीच म्हणणार नाही. इंग्रज जाईना, आणि इंग्रजाला हरवण्याची ताकद ज्यांच्याजवळ दिसत होती त्यांच्याकडे तो गेला. आयुष्य पणाला लावून गेला. त्याचे धाडस मोठे आहे, त्याची निष्ठा शंकेपलीकडची आहे.

पण धोरणाचा विचार करताना प्रेम बाजूला ठेवून जपानच्या ताब्यातल्या अंदमानकडे पाहावे लागते. ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला त्यांनी तिरंगा फडकवला. त्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये डॉ. दिवाणसिंग कैदेत होते. इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे ते तिथले प्रमुख, म्हणजे सुभाषबाबूंचाच माणूस. जपान्यांनी त्यांना हेर ठरवून हालहाल केले, आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० जानेवारीला होम्फ्रेगंज येथे ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. सुभाषबाबू बेटावर होते तेव्हा तुरुंगातल्या कैद्यांपर्यंत त्यांना पोचू दिले नव्हते. ध्वज आपला होता, किल्ल्या जपान्यांकडे होत्या.

माझे मत मी इथे स्पष्ट लिहितो. दुसऱ्या देशाची राजवट पाहून संबंध ठरवू नयेत, हा हरिपुऱ्याचा नियम व्यापाराला, शिक्षणाला, माणसांच्या जाण्यायेण्याला योग्य आहे, आणि स्वतंत्र भारताने बहुतेक काळ तो पाळला हे देशाच्या भल्याचे झाले. आपण राजेशाह्यांशीही बोललो, लष्करशहांशीही. पण कोणाच्या फौजेची मदत मागितली की तिथली राजवट त्या फौजेबरोबर दारात येते, आणि मग ती तिच्या घरातली गोष्ट राहत नाही. चीनमध्ये जे सैन्य जसे वागत होते, तसेच ते अंदमानात वागले. १९३७ च्या लेखात सुभाषबाबूंना हे दिसत होते. १९४३ मध्ये त्यांच्यापुढे दुसरी वाट उरली नव्हती, असे काही जाणकार म्हणतात. असेलही. मला ते पूर्ण पटत नाही. पण आठवीच्या मुलाला पटले, आणि त्याने ते कारणासकट मांडले, तर मी त्याचे कौतुक करीन.

मुले गोंधळतील, त्यांचा आदर कमी होईल, ही भीती आपल्याला घातली जाईल. माझा अनुभव उलटा आहे. गल्लीतल्या मुलांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्यांनी नेताजींचे नाव टाकले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. कोटणीस जिवंत असते तर त्यांनी नेताजींना पत्र लिहिले असते का? आपल्याला अमेरिकेचा माल चालतो तर रशियाचा का नाही चालत म्हणतात? एका मुलाने विचारले, आपल्याला मदत करणारा दुसऱ्याला मारत असेल तर आपण काय करायचे? यावर वर्गात तासभर बोलणे झाले तर त्या मुलाला आयुष्यभर पुरेल. रथाला किती बैल होते हे तो विसरला तरी चालेल.

विठ्ठलनगरच्या सजावटीचाही इथे उपयोग आहे. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनच्या आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन सुमारे चारशे चित्रे रंगवली. हातकागदावर, मातीच्या रंगांत, आणि ती मंडपांना आणि प्रवेशद्वारांना लावली. येणाजाणाऱ्या शेतकऱ्याला चालता चालता दिसावीत म्हणून. त्यातला पिंजारी पाहा. कमानीसारख्या चौकटीत अंग झोकून बसलेला, पिंजणाची तार ताणलेली, दोन-चार जाड फटकाऱ्यांत सगळा माणूस उभा. दुसऱ्या चित्रात शिंपी मान घालून शिवतो आहे. राजे-महाराजे त्यांत नाहीत. ही चित्रे २०१९ मध्ये व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात मांडली गेली, म्हणजे भारताची ओळख बाहेर न्या असे जिथे सांगितले गेले, तिथलीच चित्रे ऐंशी वर्षांनी ती ओळख घेऊन बाहेर गेली. ज्या मुलांची आई घरी साड्यांना टिकली-लेस लावते आणि बाप संच्यावर बारा तास उभा असतो, त्यांनी हा पिंजारी आणि हा शिंपी बघावा असे मला मनापासून वाटते. मोठ्या छापील प्रती शाळेच्या भिंतीवर लावता येतील.

आता कामाचे बोलतो. हरिपुऱ्याचे अधिवेशन १९ फेब्रुवारीला सुरू झाले. पण त्या दिवशी आमची मुले शिवजयंतीच्या मिरवणुकीत असतात, लेझीम आणि ढोल यांतून त्यांना ओढून काढणे बरे नाही. म्हणून २० किंवा २१ तारीख धरावी. उधन्याहून सकाळच्या गाडीने बारडोली, तिथे स्वराज आश्रम आणि सरदारांचे संग्रहालय, दुपारी बसने हरिपुरा. सहलीच्या आधी दोन तास वर्गात भाषणाचे वाचन, सहलीनंतर एक तास चर्चा. सुरुवात एकट्या मराठी शाळांनी करू नये. लिंबायतच्या मराठी शाळेबरोबर एखादी उर्दू, एखादी ओडिया आणि एखादी गुजराती शाळा एकाच दिवशी जावी, कारण ते भाषण सगळ्यांसाठी होते.

भाषणातल्या या भागाचा सोप्या मराठीतला मसुदा मी तयार केला आहे. त्याला जोडून कोटणीसांवर चार पाने आणि अंदमानवर दोन पाने आहेत. आपल्या समितीच्या शिक्षकांनी तो तपासावा, चुकले तिथे दुरुस्त करावे आणि बाकीच्या सहा भाषांत न्यावा. माझे नाव कुठेही घालू नये. गुजराती प्रत आधी झाली तर फार बरे, कारण हरिपुऱ्याच्या ग्रामस्थांनाही ती देता येईल, आणि सहलीच्या दिवशी तिथल्या शाळेतली मुले आमच्या मुलांबरोबर बसून ती वाचतील. जानेवारीच्या आत उत्तर मिळाले तर याच वर्षी पहिली तुकडी निघू शकते. शिक्षकांबरोबर जायला आमच्या भागातले आठ-दहा पालक तयार आहेत, आणि डब्याची सोय आम्ही करू.

आपला,
लिंबायतचा एक मराठी रहिवासी